फाटकाजवळचं पान

बाइंडर पुस्तकं वाचत नसे. त्याच्याबद्दल पहिलं हेच सांगायला हवं, कारण तो स्वतःही पहिलं हेच सांगायचा, वर छाती पुढे काढून. उभ्या आयुष्यात त्याने पुस्तकांचे ढीगच्या ढीग शिवले, पण त्यातल्या एकाचीही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी कान पिळून बजावलं होतं, "वाचत बसलास तर शिवणार कधी?" तेव्हापासून पान म्हणजे चार कोपरे आणि एक कड. मधल्या मजकुराशी याचं काही देणंघेणं नाही.

दुसरी त्याची खूण म्हणजे "बघू." गिऱ्हाईक विचारी, "काका, परवा मिळेल का?" बघू. शेजारी विचारी, "भिंतीला रंग काढायचा का?" बघू. त्याच्या "बघू"चा अर्थ गल्लीत सगळ्यांना माहीत होता. ज्याला तो "बघू" म्हणाला ते काम झालं नाही, असं समजून माणसं पुढच्या वाटेला लागायची. अर्थ लावायला तयार नव्हती ती एकटी त्याची लेक.

ती लहान असतानाच तिची आई गेली. त्यामुळे पोर वाढली ती दुकानातल्या मोठ्या टेबलाखाली, कागदाच्या कातरणात आणि खळीच्या वासात. बाइंडरची नजर दोरा ओवताना दगा द्यायला लागली तेव्हा ही खालूनच हात वर करी, सुई घेई आणि ओवून परत देई. म्हणून तो तिला "सुई"च म्हणायचा. पुढे ती शिवायलाही बसली आणि बघता बघता बापाच्या वरताण शिवायला लागली. टाके असे एकसारखे, की पुस्तक उघडावं तर सपाट पडावं. बाइंडर गिऱ्हाइकासमोर ते पुस्तक मधोमध उघडून दाखवी आणि म्हणे, "या शिवणीला तोड आहे का सांगा!" शिवण कोणाची ते सांगत नसे. पोर टेबलाच्या टोकाला बसून गालात हसे. तिला तेवढं पुरत होतं, की पुरत नव्हतं, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नाही.

आणि या सुईने लग्न ठरवलं ते कोणाशी? कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलेल्या मुलाशी. नुसतं झेरॉक्स असतं तर बाइंडरने डोळ्यांवर कातडं ओढलं असतं. पण तो स्पायरल बाइंडिंग करायचा. खटका दाबला की पानांच्या गठ्ठ्याला एका रांगेत भोकं, त्यातून प्लास्टिकची तार फिरवली की झालं पुस्तक! बाइंडरच्या लेखी हा धंदा नव्हता, हा खून होता.

"कागदाला भोकं पाडणारा माणूस!" तो म्हणाला. "त्याच्यापेक्षा खाटीक बरा."

"बाबा, माणूस चांगला आहे," लेक म्हणाली.

"असेल. मी त्याच्या घरचा उंबरा चढणार नाही."

बोलायच्या भरात माणूस काहीही बोलतो, आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. पण हा विसरणाऱ्यांतला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ जळालाही नव्हता, चांगला धडधाकट होता. लेक मात्र लग्नानंतरही दर आठवड्याला दुकानात यायची. स्टुलावर बसायची, अर्धवट राहिलेलं एखादं पुस्तक पुढ्यात ओढून शिवून टाकायची, आणि उठताना विचारायची, "घरी कधी येणार बाबा?"

"बघू," तो म्हणायचा. ती मान हलवायची, जणू त्याने तारीखच दिली.

मग तिचं येणं कमी झालं. मग ती आली तेव्हा जिना चढून आल्यासारखी धापा टाकत होती, आणि दुकान तर तळमजल्यावर होतं. मग ती आलीच नाही. तिच्या नवऱ्याचा फोन आला, तिला इस्पितळात ठेवलंय, तिसऱ्या मजल्यावर, तुमची आठवण काढते. बाइंडरच्या तोंडून सवयीने जे निघायचं तेच निघालं. पलीकडून फोन ठेवल्याचा खट् असा आवाज आला.

तरी तो गेला. हे कोणाला माहीत नव्हतं, निदान त्याला तसं वाटत होतं. एका दुपारी त्याने हात घासून घासून खळ काढली, इस्त्रीचा शर्ट घातला, दुकानाला कुलूप लावलं आणि बस पकडून इस्पितळाच्या फाटकापर्यंत पोचला. तिथे पाय थबकले. आत गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं? जावई समोर आला तर? एवढी वर्षं जिच्या घरी पाऊल टाकलं नाही, तिच्या खाटेशी कुठल्या तोंडाने उभं राहायचं? फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "कोणाकडे जायचंय काका?" "लेकीकडे" एवढा एकच शब्द सांगायचा होता. पण तो शब्द बाहेर आला तर त्याच्यामागोमाग रडू येणार, हे त्याला कळलं.

"कोणाकडे नाही," तो म्हणाला. आणि मग, कोणी न विचारता, "दुकानात पुस्तक दाबाखाली ठेवून आलोय. ते टाकून राहता येत नाही."

दाबाखालचं पुस्तक म्हणजे खळ लावून लोखंडी दाबात आवळून ठेवलेलं. ते तिथे आठवडाभर राहिलं असतं तरी त्याचं काही बिघडणार नव्हतं, उलट आणखी सपाट झालं असतं. रखवालदाराला काय कळणार! आपल्याला कळतं आणि तरी आपण तेच कारण देतो, याची लाज वाटत बाइंडर परत बसमध्ये बसला. दुकानामागच्या खोलीत येऊन खाटेवर टेकला. पायात चपला तशाच, मुठीत किल्ली तशीच. अंधारून आलं तरी तो तसाच होता. उद्या जाऊ, नक्की जाऊ, असं त्याने मनाशी म्हटलं. त्या आठवड्यातच ती गेली.

शेवटच्या निरोपाला तो गेला, पण सगळ्यांच्या मागे उभा राहिला. जावयाशी बोलला नाही. बोलायला काय होतं?

काही महिने गेले. एका सकाळी दुकानाच्या दारात सावली पडली म्हणून त्याने मान वर केली, तर जावई. हातात कापडी पिशवी. गडी निम्मा झाला होता.

"एक काम होतं," जावई म्हणाला आणि पिशवीतून पानांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. रबराने बांधलेला. "तिचं पुस्तक आहे. जपानी चित्रकथा. मांगा म्हणतात. शेवटी शेवटी हेच वाचायची, पुन्हा पुन्हा. नुसतं चिकटवलेलं होतं, सगळी पानं सुटली."

"तुमच्याकडे मशीन आहे की," बाइंडर म्हणाला. टोमणा मारायचा नव्हता, पण जिभेला वळण पडलेलं.

जावयाने तो गिळला. "तिनेच सांगून ठेवलं होतं. 'याला भोकं पाडायची नाहीत. बाबांकडे दे.' पानं ओळीने लावलेली आहेत, क्रम बदलू नका, एवढंच."

"पानांचा क्रम मला शिकवू नका," बाइंडर म्हणाला. जावई निघून गेला. तो गेल्यावर बाइंडरला वाटलं, निदान 'बसा' तरी म्हणायला हवं होतं.

गठ्ठा सोडला आणि पहिल्याच नजरेत त्याच्या कपाळाला आठी पडली. वर रंगीत मुखपृष्ठ होतं: अर्धवट बांधलेल्या होडीत बसलेली एक लहान मुलगी, हातात हातोडी. पण पानं चिकटवल्याची कड उजवीकडे! पुस्तकाची पाठ डावीकडे असते हे शेंबडं पोरही सांगेल. छापखानेवाल्यांनी मुखपृष्ठ मागच्या अंगाला डकवलं होतं. "गाढवं," बाइंडर म्हणाला. त्याने गठ्ठा पालथा केला. आता कड डावीकडे आली. जीव निवला. सगळ्यात वर आलेल्या पानावर चित्राऐवजी नुसती मोठी मोठी इंग्रजी अक्षरं होती, बाण होते, एक पंजा होता. जाहिरात! बांधणी करताना जाहिरातीची पानं काढून टाकायची, हा जुना नेम. त्याने ते पान बाजूला काढलं. पानांवर आकडे शोधले, तर ते नव्हतेच. चित्रंच थेट कडेपर्यंत भिडलेली, आकड्याला जागा कुठली? इंग्रजी त्याला अक्षरांपुरतं येत होतं, पुस्तकाच्या पाठीवर नाव ठोकण्याइतकं.

सुटी पानं कडेने टोचून शिवली असती तर काम लवकर झालं असतं, पण मग पुस्तक नीट उघडलं नसतं आणि चित्रांच्या कडा शिवणीत गेल्या असत्या. लेकीने असं पुस्तक त्याच्या तोंडावर फेकलं असतं. म्हणून त्याने लांबचा रस्ता धरला: दोन-दोन पानं पातळ कागदाच्या पट्टीने जोडायची, मग ती जोडपानं शिवायची. यात प्रत्येक पान हातात घ्यावं लागतं, उजेडात धरावं लागतं. आणि एका पानाच्या कोपऱ्यात तिच्या अंगठ्याचा डाग होता. तिथे तो अडला. ज्या माणसाने जन्मात पुस्तक वाचलं नाही, त्याने खुर्ची ओढली आणि पहिल्या पानापासून बघायला सुरुवात केली.

पहिल्या चित्रात एक रिकामी खाट होती. स्वच्छ चादर, कोणासाठी तरी तयार ठेवलेली. पुढे एका खोलीत एक म्हातारा खुर्चीवर बसलेला, पायात बूट, मुठीत किल्ली. बाइंडरने नकळत आपल्या पायांकडे बघितलं. पण त्याने पान उलटलं आणि म्हातारा बसमध्ये खिडकीशी बसलेला. म्हणजे निघाला तर! बाइंडर पुढे सरकला. पुढच्या पानावर म्हातारा एका फाटकाशी उभा होता, मान वर करून खिडक्यांकडे बघत. याच पानाशी गोळ्यांच्या पाकिटाची चांदी घडी करून ठेवलेली होती, खूण म्हणून. बाइंडरला ते पान उलटायला धीर होईना. शेवटी उलटलं. आत खाटेवर एक बाई होती, अगदी वाळलेली, खिडकीकडे बघत.

"पोचला," बाइंडर मोठ्यांदा म्हणाला. दुकानात ऐकायला कोणी नव्हतं.

मग पुढे सगळं चांगलंच होत गेलं. बाई पानागणिक भरत चालली. उठून बसली, चालायला लागली, घरी आली, नवऱ्याबरोबर हसत भांडी विसळायला लागली. मध्येच म्हातारा दारात उभा राहून तिच्या अंगावर ओरडताना दिसला. बाइंडरला त्यात काही वावगं वाटलं नाही. लेक बरी झाली की बाप पुन्हा ओरडायला लागतोच, ती तर घर रुळावर आल्याची खूण. पुढे तर म्हातारा चक्क तरुण दिसायला लागला. सुखाने माणूस उजळतो तो असा! तो होड्या बांधायचा. आणि शेवटी एक लहान मुलगी आली, हुबेहूब त्या बाईच्या तोंडवळ्याची. तिला झालेली असणार, दुसरं काय? नात अर्ध्या होडीत बसून आजोबाला एकेक खिळा देते आहे, इथे पुस्तक संपलं.

बाइंडर रडला. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बाहीने तोंड पुसत, अगदी मनसोक्त रडला. दुःखाने नव्हे, किंवा नुसत्या दुःखाने नव्हे. आपली पोर शेवटच्या दिवसांत हे वाचत होती! बाप फाटकाशी येतो, आत जातो, लेक बरी होते. म्हणजे तिने आशा सोडली नव्हती. म्हणजे बाप येईल असं तिला वाटत होतं. हे वाटणं सुखाचं की सुरीसारखं कापणारं, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना. पण एक गोष्ट त्याने ठरवली. हे पुस्तक न्यायला तो जावयाला बोलावणार नाही. स्वतः नेऊन देणार.

त्याने निळं कापड निवडलं, जाड पुठ्ठा निवडला. जाहिरातीचं पान फुकट कशाला घालवा म्हणून पाठीला अस्तर लावायला वापरलं. छापखान्याची चूक सुधारून मुखपृष्ठ पुढच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे त्याच्या मते पुढच्या पुठ्ठ्यावर, डकवलं. चांदीची घडी होती त्याच पानात परत ठेवली. दाबातून काढलेलं पुस्तक टेबलावर ठेवून उघडलं, तर सपाट पडलं. "या शिवणीला तोड नाही," असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

लेकीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढताना त्याला वाटेत दोनदा थांबावं लागलं. दाराबाहेर एका कडेला तिच्या चपला होत्या, अंगठ्याशी झिजलेल्या. त्या बघून क्षणभर त्याला खरोखर वाटलं, आत असेल. त्या भरातच त्याने दार वाजवलं आणि उघडल्या उघडल्या आत शिरला, स्वतःच्या चपला काढायचंही भान राहिलं नाही.

जावई बघतच राहिला. "तुम्ही? या ना. बसा."

एकच खोली आणि स्वयंपाकाची जागा. खिडकीशी टेबल, दोन खुर्च्या. बाइंडर खुर्चीच्या कडेवर टेकला आणि पुस्तक पुढे केलं. "झालं. बघून घ्या."

जावयाने हात पुसले आणि पुस्तक घेतलं. कापडावरून तळवा फिरवला. त्याच्या नजरेत कौतुक होतं, ते लपत नव्हतं. मग त्याने पुस्तक उघडलं आणि तो थांबला. मागून उघडलं. पुन्हा पुढून उघडलं.

"काय झालं?" बाइंडरने विचारलं.

"काही नाही. छान झालंय."

"माझ्या कामात खोट असेल तर सांगायची. मी पाहुणा नाही."

"यात एक पान होतं," जावई चाचरत म्हणाला. "पंजा असलेलं. थांबा, असं म्हणणारं."

"जाहिरात होती. अस्तराला लावली."

जावयाला हसू फुटलं. हसता हसता त्याने खुर्चीची पाठ धरली आणि मग ते हसू राहिलं नाही. "ती जाहिरात नव्हती. तुम्ही पुस्तक उलट्या बाजूने उघडलंय, असं ते सांगत होतं. ही पुस्तकं उजवीकडून वाचतात. त्यांच्याकडे तशीच रीत आहे. पाठ उजवीकडे, पहिलं पान आपल्याला शेवटचं वाटतं ते. शिवण बरोबर आहे, क्रम बरोबर आहे. फक्त तोंड मागे लागलंय."

बाइंडरला आधी रागच आला. धंद्यात मुरलेल्या माणसाला भोकंवाल्याने पुस्तकाचं तोंड कुठे ते सांगावं! पण हात आपसूक पुस्तकाकडे गेले. त्याने ते त्या बाजूने उघडलं. अर्ध्या होडीतली मुलगी बापाला खिळे देत होती. नात नव्हे. लेक. ती मोठी झाली. बाप दारात ओरडला. ती घर सोडून गेली. ती वाळली. मग फाटक. मग बस. बाइंडर इथे सावकाश झाला, कारण पुढे काय आहे ते त्याला माहीत होतं. म्हातारा खुर्चीवर, पायात बूट, मुठीत किल्ली. निघालेला नव्हता तो. परत आलेला होता. आणि शेवटच्या पानावर खाट, स्वच्छ चादर.

"आत गेलाच नाही," बाइंडर म्हणाला.

"नाही."

"आणि हे ती वाचत होती? मरताना?"

"सुरुवातीला पुरं वाचायची. रडायचीही. मी म्हणायचो, कशाला असलं वाचतेस. ती म्हणायची, यात कोणी वाईट नाही, म्हणून वाचते." जावयाने चांदी ठेवलेलं पान उघडलं. "मग एका दुपारनंतर याच्या पुढे वाचेना. इथेच खूण घातली. मी पान उलटायला गेलो की हात धरायची. 'इथेच राहू दे. अजून फाटकाशी आहेत.'"

बाइंडर त्या पानावरच्या फाटकाकडे बघत राहिला.

"तिच्या खाटेवरून फाटक दिसायचं," जावई म्हणाला.

खाली रस्त्यावर कोणीतरी कोणाला तरी मोठ्याने हाक मारत होतं. बाइंडरने ते सगळं ऐकलं, आणि मगच त्याला विचारता आलं. "बघितलं तिने?"

"इस्त्रीचा शर्ट घालून आलात, हे मला तिनेच सांगितलं. मी खाली धावत निघालो होतो तुम्हाला आणायला. म्हणाली, 'जाऊ नकोस. बोलावलं तर परत फिरतील. स्वतःहून येऊ देत.' मी थांबलो." जावयाने पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. "खरं सांगू का? मी तिच्यासाठी थांबलो नाही. मीही ताठलोच होतो. मनात म्हटलं, येऊ दे म्हाताऱ्याला आपल्या पायाने. तीन जिने उतरायला काय लागत होतं मला!"

"किती वेळ बघत होती?"

"तुम्ही गेल्यावरसुद्धा."

बाइंडरने दोन्ही हात टेबलावर ठेवले. खळीने कडक झालेले, नखांच्या कडा फाटलेले हात. जे विचारायला तो कधीपासून माणूस शोधत होता, ते त्याने विचारलं. "मी वर आलो असतो तर?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ द्या, आता कशाला. जावयाने विचार केला. "बरी झाली नसती," तो म्हणाला. "डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण उठून बसली असती. त्या दिवशी उठून बसली असती."

बैल गेला आणि झोपा केला, असं लोक हसून म्हणतात. ज्याचा बैल गेला त्याला कोणी विचारत नाही. बाइंडर बसून राहिला. त्याला ती उठून बसलेली दिसत होती, उशीला टेकून, विस्कटलेले केस कानामागे सारत, "आलात?" म्हणत. एवढंच. यापेक्षा जास्त काही त्याला करायचं नव्हतं, आणि एवढंही त्याने केलं नव्हतं.

"मी चुकीच्या बाजूने वाचलं," तो म्हणाला. "माझ्या बाजूने ती बरी होते."

"मग तसंच राहू द्या की," जावई म्हणाला. "मलाही एकदा तुमच्या बाजूने वाचायचंय."

"वाच. कुठूनही वाचता येतं ते, मी वाचलंच की. पण तोंड जिथलं तिथे पाहिजे. तिने जसं वाचलं तसं. सरळ करून देतो."

"कधी?"

बाइंडरच्या ओठांवर तो जुना शब्द आला होता. जावयाने तो ओळखला आणि नजर दुसरीकडे वळवली. म्हाताऱ्याने पुस्तक आपल्याकडे ओढलं. "आत्ता," तो म्हणाला. "पातळ सुरी आण. आणि ओलं फडकं. खळ ताजी आहे, मुखपृष्ठ सुटेल. पण परत डकवायला खळ लागेल, ती घरी..."

"करतो," जावई म्हणाला. त्याने गॅस पेटवला, पीठ पाण्यात कालवलं आणि बारीक आचेवर ढवळत बसला. बाइंडर खुर्चीतून मान लांबवून बघत होता. गुठळी झाली नाही. शिजत आल्यावर जावयाने पळी वर उचलून धार पाहिली, अजून थोडं शिजवलं, पुन्हा पाहिली.

"हे कोणी शिकवलं?" विचारायची गरज नव्हती, तरी त्याने विचारलं.

"तिनेच. म्हणायची, बाबा कधीतरी येतील, तुझी परीक्षा घेतील, तेव्हा अब्रू जायला नको."

दोघांनी मिळून काम केलं. बाइंडरने ओल्या फडक्याने मुखपृष्ठ भिजवून सुरीने हळूहळू सोडवलं, जावयाने खालून दोन बोटांनी धरलं. होडीतली मुलगी एका अंगाच्या पुठ्ठ्यावरून उठून दुसऱ्या अंगाच्या पुठ्ठ्यावर गेली. कोपरा किंचित फाटला, तो बाइंडरने बोटाच्या टोकाने बसवला. मग पुस्तकावर कोरा कागद, त्यावर पोळपाट, त्यावर पिठाचा डबा, त्यावर इस्त्री. फाटकाच्या पानातली चांदी जागेवरच होती. ती त्याने हलवली नाही.

"आता सकाळपर्यंत हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?" जावयाने विचारलं. "निघणार?"

"दाबाखाली पुस्तक असताना ते टाकून जाता येत नाही," बाइंडर म्हणाला, आणि बोलता बोलता थांबला. हेच वाक्य त्याने त्या फाटकाशी सांगितलं होतं. तेव्हा ते खोटं होतं. आता तरी खरं होतं का? पिठाच्या डब्याखालच्या पुस्तकाला त्याची काही गरज नव्हती. त्याला स्वतःलाच जावंसं वाटत नव्हतं, आणि ते सांगायला त्याच्याकडे दुसरं वाक्य नव्हतं.

जावई चहाचं आधण ठेवायला वळला. बाइंडरची नजर खाली गेली. इतका वेळ तो लेकीच्या घरात चपला घालून बसला होता. तो उठला, दार उघडून बाहेर गेला आणि चपला काढल्या. तिच्या चपला एका कडेला होत्या, आणि त्यांच्या शेजारी जागा होती. तिथे त्याने आपल्या ठेवल्या. मग अनवाणी पायांनी उंबरा ओलांडून तो आत आला.